समासातली बाई

अप्पा बळवंत चौकात दुकानदारानं
पुस्तक उलटंपालटं करून सांगितलं,
‘लिहिलंय फार. निम्म्यात घेऊन जा.’
म्हणजे हेमलता बोत्रे मला फुकटच मिळाली:
एम. ए. भाग एक, हजेरी क्रमांक सत्तावीस,
जुलै एकोणनव्वद,
शिसपेन्सिलीनं, समास भरून.

अक्षर मुंग्यांसारखं, पण रांग न सोडणारं.
इंग्रजी अडलं की ती तिथंच मराठीत बसकण मारायची.
‘मूर’च्या शेजारी लिहिलेलं: माळरान.
खाली: दिवे घाटाच्या वर आहे तसं?
मग ते खोडून: नाही. थंड, ओलं. मेंढरं तीच.

गणेशखिंडीतल्या आमच्या वर्गात
खंबाटा मॅडम एक ओळ वाचून थांबायच्या,
चष्मा काढायच्या, खिडकीतल्या वडाकडे बघत
‘वेल?’ एवढंच म्हणायच्या.
कॅम्पातल्या शाळांमधून आलेले पुढच्या बाकांवरचे
‘आयरनी’ म्हणायचे,
त्यातला र कुठं गिळायचा हे पोटातूनच शिकून आल्यासारखे.
मी वहीत लिहायचे: उपरोध.
आणि मनात, अय्या, हे तर आमची आत्या रोज करते,
सून नऊला उठली की म्हणते, ‘या, लवकर आलात.’
पण हात वर करून
हे सांगायचं कुठल्या भाषेत?

सेमिस्टरभरात एकदाच बोलले.
‘नेफ्यू’ चुकला.
कुणी हसलं नाही.
त्या न हसण्याला शब्द शोधला,
दोन्ही शब्दकोशांत नाही.

संध्याकाळी दौंडच्या गाडीत उभ्यानं वाचायचे.
हडपसर, मांजरी, लोणी.
दारात रिकाम्या पाटीवर बसलेली बाई एकदा म्हणाली,
‘कशाची परीक्षा, पोरी?’
‘गोष्टींची.’
‘त्याची बी असती?’
मग सांगावंच लागलं:
एक बाई असते, नवऱ्याचं घर सोडते,
धुक्याच्या गावात जाऊन टोप्या शिवते,
चार पैसे जमवते, खिडकीत कुंडी ठेवते,
आणि शेवटी परत जाते.
‘का?’

हेच हेमलतानं विचारलेलं, पान दोनशे चौदा,
दोनदा अधोरेखित: परत का जाते?
तिथून पुढं समास कोरे.

लग्न ठरलं असेल.
पेन्सिल हरवली असेल, आणि नवी घ्यायची राहून गेली.
किंवा पहिल्या वर्गात पास होऊन
कुठल्याशा कॉलेजात ती आता स्वतःच
‘वेल?’ म्हणून थांबत असेल, उत्तर माहीत असल्यासारखी.
किंवा नुसता कंटाळा.
कंटाळ्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही.

पेपरात तोच प्रश्न आला, दहा गुणांना.
मी टीकाकारांची तीन मतं लिहिली,
चौथं माझं म्हणून,
तेही कुणाचंतरीच.
सात मिळाले.

पण त्या संध्याकाळी पाटीवाली
उरुळी येईपर्यंत गप्प बसली होती.
मला वाटलं, विसरली.
गाडी मंदावली तशी उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली
आणि म्हणाली, ‘कायतरी ठिवून आली आसंल मागं.
सांगण्याजोगं नसंल.’
उतरता उतरता मी नाव विचारलं.
‘मालन म्हेत्रे. का गं? बुकात घालतीस?’

घातलं. दोनशे चौदावर, हेमलताच्या खाली,
तिच्यासारखंच बारीक, पेन्सिलीनं,
तिचे शब्द जसेच्या तसे, ‘ठिवून’सकट.
पुढच्या कोऱ्या समासांत हळूहळू मी लिहीत गेले,
काही ठिकाणी चूक, काही ठिकाणी नुसतं ‘हं’.

परवा तेच पुस्तक विकायला नेलं.
दुकानदारानं चाळलं, मान हलवली,
‘लिहिलंय फार.
पाव किंमत.’

पिशवीत घातलं परत.
लोकलला अजून वीस मिनिटं होती.